ऊन तेच, कातडी वेगळी



आपल्या परिषदेचा विषय आहे त्वचेचा कर्करोग आणि आनुवंशिकता. त्याचे ढळढळीत उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. ब्रिटन-आयर्लंडच्या ढगाळ हवेतली गोरी माणसे तिथल्या रणरणत्या उन्हात वसली. आज सत्तरीपर्यंत तिथल्या दर तिघांपैकी दोघांना त्वचेचा कुठला ना कुठला कर्करोग गाठतो. गोऱ्यांतही लाल केसवाल्यांना धोका अधिक. लाल केसांमागे एमसी१आर या जनुकातले बदल असल्याचे १९९५ मध्ये दिसून आले. या जनुकात असा बदल असला की काळपट मेलॅनिनऐवजी लालसर-पिवळे मेलॅनिन बनते आणि ते अतिनील किरणे नीट अडवत नाही.

जनुक बदलता येत नाही, ऊन मात्र टाळता येते. क्वीन्सलँडमधल्या नॅम्बूर गावात १९९२ पासून सोळाशेहून अधिक लोकांवर सनस्क्रीनची चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात पुढे ११ जणांना मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग झाला, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांत २२ जणांना. आकडे लहान आहेत, हे मान्य. पण दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

आपल्याकडे काय? सावळ्या वर्णाची कवचकुंडले आहेत खरी, पण झिरोडर्मा पिग्मेंटोसम हा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाला ती पुरत नाहीत. उन्हाने डीएनएला झालेली इजा एरवी पेशी स्वतःच दुरुस्त करते: बिघडलेला तुकडा कापायचा, समोरच्या धाग्यावरून नवा भरायचा. या मुलांत ही दुरुस्तीच अडते, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवले. दुरुस्तीची यंत्रणा उलगडणारे अझीझ सांजार २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले. या आजारात दोन वर्षांच्या पोराच्या नाका-गालांवर बारीक काळे डाग उठतात, डोळ्यांना उजेड सोसवत नाही, आणि शाळेच्या वयातच कर्करोग उभा राहतो. मेलॅनोमाखेरीजच्या त्वचेच्या कर्करोगांचा धोका विशीच्या आत १०,००० पटींहून अधिक!

अशा मुलाचे आई-वडील दोघेही धडधाकट, पण दोघांकडे तेच सदोष जनुक. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याच्या आपल्या रिवाजात ही गाठ पडण्याची शक्यता वाढते. घराण्याची विचारपूस म्हणूनच औषधाइतकी महत्त्वाची.

चर्चासत्रे सुरू होण्यापूर्वी स्वागत समितीची डॉक्टरांना एक विनंती आहे. असे मूल दवाखान्यात आले तर नुसते मलम लिहून पाठवू नका. शाळेसाठी चिठ्ठीही द्या. बाक खिडकीपासून दूर हवा, कारण अतिनील किरणांचा काही भाग साध्या काचेतूनही आत येतो, आणि खेळाचा तास सूर्य मावळल्यावर किंवा बंद सभागृहात व्हावा.