मुलं न आवडणारी ग्लोरिया

ट्रेनमध्ये असाल, कानात हेडफोन असतील, तर चला, आज १९८० च्या न्यूयॉर्कला जाऊ. सिनेमा 'ग्लोरिया'. दिग्दर्शक जॉन कॅसावेट्स, आणि ग्लोरिया झालीय त्यांचीच बायको, जीना रोलँड्स.

साउथ ब्राँक्समधली जुनी इमारत. माफियाचे हिशेब लिहिणारा एक माणूस त्यांच्याच नजरेतून उतरलाय आणि मारेकरी खाली येऊन उभे आहेत. नेमकी तेव्हाच शेजारची ग्लोरिया कॉफी मागायला येते. फिलची आई सहा वर्षांचं पोर तिच्या गळ्यात घालते. आणि ही बाई तोंडावर सांगते, मला मुलं आवडत नाहीत, तुमची तर मुळीच नाहीत! थोड्याच वेळात फिलचं अख्खं घर संपतं. त्याच्याकडे उरते बापाची हिशेबाची वही.

आता नेहमीच्या थ्रिलरमध्ये काय झालं असतं? दोन सीनमध्ये बाईतली आई जागी. इथे नाही. ग्लोरिया चिडचिडच करते. एकदा तर त्याला सोडून सरळ बारमध्ये बिअर प्यायला बसते. शिवाय मागे लागलेले गुंड म्हणजे तिचीच जुनी माणसं. ती कधीकाळी त्यांच्या बॉसची मैत्रीण होती. म्हणजे या पोरासाठी घर, ओळखी, म्हातारपणाची सोय, सगळंच जाणार. आणि तरी भर रस्त्यात त्यांची गाडी आडवी आल्यावर पर्समधून रिव्हॉल्वर काढते ती हीच.

रोलँड्सना यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. फिल झालेल्या मुलाला मात्र रॅझी, म्हणजे वाईट अभिनयाचं बक्षीस! मला नाही पटत. घाबरलेलं पोर मोठ्या माणसाचा आव आणतं, तेव्हा ते खोटंच वाटणार ना? (शॅरन स्टोनचा १९९९ चा रिमेक आहे, तो आधी बघू नका प्लीज.)

आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा मी सहा महिने आत्याकडे होते. आत्यानं एकदाही जवळ घेतलं नाही. "माझ्याच डोक्यावर बसवलीय," असं फोनवर म्हणायची. पण क्लासवरून यायला उशीर झाला की स्कूटी घेऊन कोपऱ्यावर उभी, शिव्या घालत.

ग्लोरिया बारमधून उठते आणि फिलला शोधायला निघते, तिथे मी पॉज केलं. आत्याला फोन लावला.

"काय गं, पैसे संपले का?" म्हणाली.