आधी उपचार, मग केसपेपर



वैद्यकीय नीतीवर बोलावयाचे म्हणजे शपथा वाचून दाखवाव्या लागतात, अशी एक समजूत आहे. आम्ही ते करणार नाही. आम्ही एकच प्रश्न घेतला आहे. जबर जखमी झालेला, खिशात दमडी नसलेला अनोळखी माणूस रुग्णालयाच्या दाराशी आणला, तर आतल्यांनी काय करावे?

८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्थानकावर एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्यास मार लागला. जवळच्या आरोग्य केंद्रात सोय नव्हती. पुढे एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्यास परत पाठविले. कोठे खाट नाही, कोठे साधन नाही! अखेर तो कलकत्त्याच्या एका खासगी रुग्णालयात दाखल झाला आणि सुमारे १७,००० रुपये खर्चून वाचला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्यास २५,००० रुपये भरपाई देवविली. वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग होय, पैसा नाही ही सबब सरकारास सांगता येणार नाही, असे बजावले.

खासगी डॉक्टरांचे काय? तो निकाल १९८९ सालीच लागला होता. एका जखमी स्कूटरस्वारास ‘पोलीस केस आम्ही घेत नाही’ म्हणून वीस किलोमीटर दूर धाडले. तो वाटेतच मेला. न्यायालय म्हणाले, सरकारी असो वा खासगी, प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टराचे पहिले कर्तव्य; पोलिसांचे कागद नंतर. डॉक्टरास साक्षीसाठी विनाकारण छळू नये, ताटकळत ठेवू नये, हेही त्याच निकालात आहे. ते रास्तच होते. कोर्टाच्या बाकावर दिवस घालवून पुढची तारीख घेऊन परतलेल्या डॉक्टरास नीतीचा उपदेश करणे फार सोपे असते. १९९४ साली मोटार वाहन कायद्यातही हे कर्तव्य आले, आणि जखमीस आणून पोचविणाऱ्या भल्या माणसास २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले.

मग अडते कोठे? आमच्या मते डिपॉझिटच्या खिडकीशी. तेथे डॉक्टर नसतो, कारकून असतो, आणि तो मालकाच्या सूचनेप्रमाणे वागतो. मालकाचीही एक बाजू आहे. तालुक्याच्या गावी दहा खाटांचे रुग्णालय चालविणाऱ्याने रक्त, औषधे, शस्त्रक्रिया यांचा खर्च किती वेळा सोसावा? कर्तव्य एकाचे आणि बिल कोणाचेच नाही, अशा स्थितीत कर्तव्य टाळण्याच्या शंभर वाटा निघतात. ‘न्यूरोसर्जन नाहीत’ ही त्यांतली सर्वांत सभ्य.

२०२५ च्या मे महिन्यापासून मोटार अपघातातील जखमींसाठी सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची योजना केंद्राने लागू केली आहे. तिचे आम्ही स्वागत करतो. पण रेल्वेतून पडलेला तो शेतमजूर तीत बसला नसता. विंचू चावलेले पोर बसत नाही, साप चावलेली कापणीवरची बाईही बसत नाही. त्यांचे बिलही सरकारने तितक्याच तत्परतेने भरले पाहिजे, अशी आमची मागणी आहे. आणि आपणांस एक विनंती : आपापल्या गावच्या रुग्णालयात जाऊन, रात्रपाळीच्या खिडकीवर कोणती सूचना दिलेली आहे, तेवढे विचारून या.