कर्नेल बदललें म्हणजे



पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावरील तारांतून पूर्वीं १५०० व्होल्टचा डी. सी. प्रवाह वाहत असे. त्याजागीं २५,००० व्होल्टचा ए. सी. प्रवाह आणण्याचें काम २०१२ सालीं पुरें झालें. अंधेरी-बोरिवलीच्या उतारूला तिकीट तेंच आणि फलाटही तोच राहिला. परंतु केवळ जुन्या प्रवाहावर धांवणाऱ्या गाड्यांना तो मार्ग बंद झाला, आणि संक्रमणकाळांत दोन्ही प्रवाह पेलणाऱ्या गाड्या चालवाव्या लागल्या.

संगणकाच्या कर्नेलचें असेंच आहे. यंत्र आणि आपण वापरतों त्या आज्ञावल्या यांच्यामधला हा थर. लिनस टोर्व्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेल्या लिनक्स कर्नेलचा एक नियम फार कडक आहे : कर्नेल बदललें तरी वापरणाऱ्याची आज्ञावली मोडतां कामा नये. हा उतारूला दिलेला शब्द झाला. गाडीच्या मोटारीला मात्र असें अभय नाहीं. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा किंवा व्हर्च्युअलबॉक्सचा ड्रायव्हर कर्नेलच्या पोटांत शिरून काम करतो; आणि आंतील जोडण्या बदलण्याची मोकळीक कर्नेलकारांनीं जाणूनबुजून राखलेली आहे.

समजा, मुलुंडच्या एखाद्या कचेरींत सायंकाळीं नवें कर्नेल चढलें आणि सकाळीं पडदा काळा. पुष्कळ लोक अशा वेळीं सर्व पुसून नवी मांडणी करतात. मला हा उपाय मुळींच पसंत नाहीं. रोगाचें निदान राहतें बाजूला, आणि कित्येकदां हिशेबही त्याबरोबर जातो. उबुंटू, डेबियन इत्यादि प्रणाली मागील कर्नेल जपून ठेवतात. यंत्र सुरू होतांना ग्रबच्या यादींतून तें निवडावें. त्यावर काम सुरळीत चाललें, तर दोष नव्या कर्नेलशीं निगडित आहे इतकें समजलें. न चाललें, तर शोध अन्यत्र करावा.

फसलेल्या सुरुवातीच्या नोंदी ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेनें वाचतां येतात. कर्नेल आपल्या तक्रारी इमानानें लिहून ठेवतें, पण त्या वाचतो कोण! ड्रायव्हर नव्यानें बांधला गेला कीं नाहीं, तें ‘डीकेएमएस स्टेटस’ सांगतें. पुष्कळदां नव्या कर्नेलच्या हेडर फायलीच बसविलेल्या नसतात. कधीं सिक्युअर बूट सही नसलेल्या ड्रायव्हरला दारांतच अडवितें. कधीं बूटचा लहानसा विभाग जुन्या कर्नेलांनीं भरून गेलेला असतो आणि नव्याची मांडणी अर्धवट राहते.

दोष खुद्द कर्नेलचाच निघाला, तर ‘गिट बायसेक्ट’ निम्मे-निम्मे वगळीत हजार फेरफारांतून नेमका अपराधी सुमारें दहा चाचण्यांत दाखवितें. हें काम जाणकाराचें.

जुन्या कर्नेलवर चार दिवस काढावे, मुक्काम करूं नये. सुरक्षिततेचीं छिद्रें नव्यांतच बुजविलेलीं असतात. कचेरींत दहा यंत्रें असतील, तर नवें कर्नेल आधीं एकावरच चढवावें, आणि तेंही शनिवारीं दुपारीं, महिनाअखेरीस नव्हे.