भायखळ्याच्या फुटपाथवरून दक्षिण आफ्रिकेला

आम्ही तेर आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या बाया. आज तुमच्याशी प्रवासाबद्दल बोलायचं आहे.

ग्रामसंघाच्या बैठकीत अभ्यास दौऱ्याचं नाव निघालं की हात पटापट वर होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून नावं गळायला लागतात. कुणाची सासू नको म्हणते, कुणाची म्हैस व्यायला झालेली असते, कुणाचा नवरा म्हणतो, "सहलीला जायला पैसे काय झाडाला लागलेत?" मागच्या दौऱ्याला आमच्याकडं बारा नावं होती. गाडीत बसल्या सात जणी. राहिलेल्या पाचपैकी चौघींना घरून नाही म्हटलं होतं. आता पुढच्या दौऱ्याची नावं द्यायची वेळ आली आहे. त्याआधी आपल्यासारख्याच काही बायकांची खरी गोष्ट सांगतो. त्यांचा प्रवास चार तासांचा नव्हता. त्या मुंबईच्या फुटपाथवरून थेट दक्षिण आफ्रिकेला गेल्या होत्या.

मुंबईत भायखळ्याला रस्त्याच्या कडेनं झोपड्या बांधून शेकडो कुटुंबं राहत होती. गावाकडं काम नाही, पाणी नाही, म्हणून आलेली माणसं. महापालिकेची गाडी यायची, झोपडी मोडायची, भांडीकुंडी उचलून न्यायची. गाडी गेली की बाया पुन्हा तिथंच चूल मांडायच्या. 1984 साली मुंबईत स्पार्क नावाची संस्था सुरू झाली आणि तिनं या बायकांबरोबर काम धरलं. शीला पटेल, प्रेमा गोपालन या तिच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्या. पुढं 1986 साली या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली, महिला मिलन. झोपडपट्टीवासीयांच्या राष्ट्रीय संघटनेचे जोकिन अर्पुथम त्यांच्या सोबतीला आले.

महिला मिलनचं काम बचतीपासून सुरू झालं. पण आपल्यासारखी महिन्याची बचत नव्हे, रोजची. हातावर पोट असलेल्या बाईला महिनाअखेर शंभर रुपये बाजूला काढणं जमत नाही, पण आजचा एक रुपया आज देता येतो. गटातली एक बाई रोज दारोदार फिरायची. पैसे गोळा करायची आणि त्याच फेरीत कुणाचं मूल आजारी आहे, कुणाला मारहाण झाली, हेही तिला कळायचं. बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मग त्यांनी रंगीत कागदाचे तुकडे वापरले. एका रंगाचा तुकडा म्हणजे एक रुपया, दुसऱ्या रंगाचा म्हणजे दोन. प्रत्येकीची एक पिशवी, तिच्यात तिचे तुकडे. अक्षर येत नसलं तरी हिशेब कुणाला बुडवता येत नव्हता.

दुसरं काम मोजणीचं. सरकारदरबारी ही माणसं कुठल्याच यादीत नव्हती. तेव्हा बायकांनी स्वतःच आपल्या वस्तीची मोजणी करायला सुरुवात केली. घरं किती, माणसं किती, कुठून आली, काय काम करतात. तिसरं काम घराचं. आपल्याला कसलं घर हवं हे त्यांनी आपसात ठरवलं आणि लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड लावून पुऱ्या मापाचं घर उभं करून लोकांना दाखवलं. त्या घराची उंची 14 फूट धरली होती. खाली जागा कमी, तेव्हा वर माळा निघाला पाहिजे, हा विचार बायकांचा.

आता दक्षिण आफ्रिकेकडं वळू. तिथं 1994 पर्यंत गोऱ्यांचं राज्य होतं. काळ्या माणसानं शहरात राहायचं तर परवाना लागे आणि तो नसला की पोलीस उचलत. हा परवान्याचा कायदा 1986 साली गेला. खेड्यातल्या बाया नवऱ्याच्या, कामाच्या मागं केप टाउनसारख्या शहरात यायच्या आणि त्यांचीही पत्र्याची घरं मोडली जायची. भायखळ्याच्या बाईला हे समजावून सांगायला दुभाष्या लागला नसता.

1991 साली तिथल्या झोपडपट्ट्यांतल्या लोकांची एक मोठी बैठक झाली. तिला जोकिन गेले होते. तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढं स्वातंत्र्य होतं. आपलं सरकार आलं की घरं मिळतील, अशी लोकांना आशा होती. भारतात स्वातंत्र्य येऊन चाळीसच्या वर वर्षं झाली तरी गरीब माणूस फुटपाथवरच आहे, हे जोकिननी त्यांना सांगितलं. सरकार येईल तेव्हा येईल, तोवर तुमची तयारी करून ठेवा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. तिथून जाणं-येणं सुरू झालं. तिकडच्या बाया भायखळ्याला आल्या, महिला मिलनच्या बाया तिकडं गेल्या.

विचार करा मैत्रिणींनो. ज्या बाईचा पत्ता फुटपाथ, ती पासपोर्ट काढते, विमानात बसते आणि दुसऱ्या देशातल्या बाईला शिकवायला जाते. तिच्याजवळ पदवी नव्हती, वाटायला पैसेही नव्हते. स्वतः रोज केलेलं काम एवढीच तिची शिदोरी.

तिथलं रोजचं जगणं फार वेगळं नव्हतं. पत्र्याची खोली, घासलेटचा स्टोव्ह, सगळ्या गल्लीला मिळून एक नळ. जेवणात मक्याच्या पिठाचं घट्ट पॅप. हातानं तोडून भाजीबरोबर खातात, तसं ते आपल्या उकडीच्या जवळचं. मोरोगो नावाची पालेभाजी असते, तिच्यात आपल्या माठासारखी रानभाजीही येते. गावात जायला माणसं भरल्याशिवाय न हलणारी छोटी टॅक्सी, म्हणजे आपली काळीपिवळीच. फरक ऋतूंचा. आपल्याकडं जून-जुलैत पेरणीची घाई असते, तेव्हा तिथं हिवाळा असतो आणि केप टाउनला पाऊसही थंडीतच येतो. पत्र्याच्या घरात पाणी शिरतं, वरून गारठा.

आणि बचत? ती तिथंही होती. दक्षिण आफ्रिकेतल्या बाया फार आधीपासून स्टोकवेल चालवतात. म्हणजे आपली भिशी. ठरावीक बाया, ठरावीक रक्कम, पाळीपाळीनं एकीला. त्यामुळं पैसे साठवायला शिकवायची गरजच नव्हती. रोजची फेरी, वस्तीची मोजणी आणि कापडाचं घर या तीन गोष्टी भायखळ्याच्या बायांनी त्यांच्या भिशीला जोडून दिल्या. पाहुण्या बाईनं आपलं घोडं पुढं दामटलं नाही. आधी तिथं काय आहे ते पाहिलं, मग त्यात आपलं मिसळलं. आपल्याकडं वर्धिनी फेरीला येतात, तेव्हा चांगली वर्धिनी कोणती हे आपल्याला लगेच कळतं ना, तसंच.

पुढं 1994 साली तिथल्या वस्त्यांतल्या बचत गटांचा राष्ट्रीय महासंघ झाला. महासंघात बायकाच जास्त होत्या. पैसा आणि माहिती हीच ताकद, अशी त्यांची घोषणा होती. नव्या सरकारचे घरबांधणी मंत्री जो स्लोवो यांनी त्यांच्या कर्जनिधीला मदत कबूल केली. निधीचं नाव उत्शानी. झुलू भाषेत उत्शानी म्हणजे गवत. केप टाउनच्या फिलिपी भागात बायकांनी वसाहत उभारली आणि तिला व्हिक्टोरिया म्क्सेंगे यांचं नाव दिलं. या वकीलबाई गोऱ्या राजवटीविरुद्ध लढत होत्या. 1985 साली त्यांचा खून झाला. इथं बायांनी स्वतः विटा पाडल्या, पाया खणला, हिशेब ठेवला. सरकारी अनुदान कंत्राटदारालाही तेवढंच मिळत होतं, पण बायकांची घरं त्याच्या घरांपेक्षा मोठी झाली. 1998 साली अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन ती वसाहत बघायला गेले होते.

गंमत म्हणा की दुःख म्हणा, शिकणाऱ्यांची घरं आधी झाली. शिकवणाऱ्या भायखळ्याच्या कितीतरी जणींना पक्क्या घरासाठी पुढं अनेक वर्षं थांबावं लागलं. तरी त्यांनी जाणं थांबवलं नाही. 1996 साली या सगळ्या देशांतल्या संघटनांचं मिळून एक आंतरराष्ट्रीय जाळं तयार झालं आणि पुढं नामिबिया, झिंबाब्वेपर्यंत ते पोहोचलं.

सगळं गोडच झालं असं मात्र नाही. तिथं सरकारी अनुदान वेळेवर आलं नाही. त्याच्या भरवशावर निधीतून आधीच दिलेला पैसा अडकला. कर्जाची परतफेड मंदावली. पुढं महासंघात फूटही पडली. आपल्या गटांनी यातून शिकण्यासारखं आहे. कर्ज मोठं झालं आणि रोजची भेट कमी झाली की गट आतून पोकळ होतो. आपल्यापैकी कितीतरी गटांत आज बँकेचा हप्ता भरायचा दिवस सोडला तर बाया एकमेकींकडं बसतच नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, ही मुंबईची आणि आफ्रिकेची गोष्ट, आपला काय संबंध? संबंध जवळचा आहे. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर, आजूबाजूची गावं जमीनदोस्त झाली. तेव्हा प्रेमा गोपालन आणि त्यांचे सहकारी आपल्या भागात कामाला आले आणि त्यातूनच पुढं स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था वाढली. घरबांधणीच्या कामात गावोगावच्या बाया संवाद सहाय्यक झाल्या. घर कसं भूकंप सोसणारं बांधायचं, सरकारी पैसा कसा येतो, गवंड्याच्या कामावर लक्ष कसं ठेवायचं, हे त्या इतर बायांना सांगत होत्या. 26 जानेवारी 2001 ला गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा आपल्या लातूर-उस्मानाबादच्या बाया कच्छात गेल्या. तुर्कस्तानातल्या भूकंपग्रस्त बायांशी त्यांची देवाणघेवाण झाली. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या बायांपर्यंतही हे काम गेलं. आपल्या तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे शेती आणि दुष्काळावर परदेशात बोलून आल्या आहेत.

कच्छातल्या ज्या बाईचं घर पडलं, तिच्यासमोर मोठा अधिकारी उभा राहिला तर ती मान हलवते. पण "माझंही घर पडलं होतं, मी असं बांधलं" असं सांगणारी बाई समोर बसली की ती प्रश्न विचारते. दौऱ्याचा खरा उपयोग तो आहे.

तसं आपल्या तेरला लांबचा प्रवास नवा नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हे तगर होतं. इथला माल गाड्यांवर लादून पार भडोचच्या बंदराला जायचा, असं त्या काळच्या एका परदेशी दर्यावर्द्यानं लिहून ठेवलं आहे. आणि संतमंडळी प्रवास करून गोरोबाकाकांच्या घरी जमली होती ती याच गावात. कोणतं मडकं कच्चं आणि कोणतं पक्कं, हे बघा असं काकांना सुचवलं मुक्ताबाईनं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आपला गटही अधूनमधून असा कुणीतरी बाहेरच्यानं थापटून बघावा लागतो. घरातल्या घरात आवाज कळत नाही.

म्हणून पुढच्या दौऱ्यासाठी आम्ही चार गोष्टी ठरवल्या आहेत. तुमच्या ग्रामसंघात मांडून बघा.

पहिली, जिचं नाव आहे तिला घरी एकटीनं परवानगी मागायला लावायचं नाही. गटातल्या दोघी-तिघींनी तिच्या घरी जायचं. कुठं जाणार, मुक्काम कुठं, सोबत कोण, परत कधी, हे एका चिठ्ठीवर फोन नंबरासह लिहून सासूच्या हातात द्यायचं.

दुसरी, दर वेळी अध्यक्ष आणि सचिवच नकोत. निम्म्या जणी पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या हव्यात.

तिसरी, जाणारीला मागं एक जोडीदारीण. धार, पोरांचा शाळेचा डबा, आजारी माणसाचं औषध तिनं बघायचं. पुढच्या दौऱ्याला ती जाईल आणि हिनं बघायचं.

चौथी, जाताना गटानं तीन प्रश्न ठरवून द्यायचे आणि आल्यावर आठ दिवसांत बैठक घ्यायची. काय पाहिलं, काय आपल्याला जमेल, काय जमणार नाही. त्या बैठकीला घरच्या माणसांनाही बोलवायचं. ज्यांनी सहल म्हटलं होतं, त्यांना तर आधी बोलवायचं.

राहिलेल्या चौघींपैकी दोघींच्या घरी आम्ही जाऊन आलो आहोत. एका ठिकाणी होकार आला. दुसऱ्या घरी सासूबाईंनी चहा दिला आणि "बघू" म्हणाल्या. आमच्याकडं "बघू" म्हणजे नाही नव्हे, पुन्हा जायचं आमंत्रण आहे. येत्या आठवड्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. तुमच्या गावात अशी कोण राहिली आहे, ते पुढच्या बैठकीत नाव घेऊन विचारा.