जातं कोठीतच राहू द्या

(शताब्दी सोहळ्यात दिंडीच्या कोठीवाल्यांच्या वतीने केलेले भाषण)

 

या सोहळ्यात कीर्तनं झाली, प्रवचनं झाली. आम्ही कोठीवाले. आम्हाला बोलायला उभं केलंत, तर आम्ही भांड्याकुंड्यांचंच बोलणार. निमित्तही तसंच आहे. दिंडीचा ट्रक आता सामानानं भरून वाहतो, म्हणून कोठीतलं जुनं जातं, पाटा-वरवंटा आणि खलबत्ता गावच्या मठात काचेच्या कपाटात मांडावा, खाली पितळी पाटी लावावी, असा विचार कमिटीपुढं आला आहे. सुचवणाऱ्यांच्या मनात आदरच आहे, याबद्दल शंका नाही. पण आमचं ऐका आणि मग काय ते ठरवा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गॅसची शेगडी आली, मिक्सर आला, गावोगाव पिठाची गिरणी आली, याचं आम्हाला जराही वाईट वाटत नाही. पहाटे तीनला उठून घरभराचं दळण दळणं म्हणजे काय, हे जिनं केलंय तिला विचारा. तिच्या तळहाताचे घट्टेच सांगतील. जात्याचं कौतुक बहुतेक न दळणारेच करतात! घरोघरी पुन्हा जातं फिरवा, असं सांगायला आम्ही उभे नाही.

मग जातं कशाला पाहिजे? तर वारीची वाट डोळ्यांपुढं आणा. जात्यात मोडण्यासारखं आहे काय? दोन तळ्या, मधे खीळ, वर लाकडी खुंटा. खुंटा हलायला लागला तर चिंधी घालून ठोकायचा. तळी गुळगुळीत झाली तर टाकी लावून घ्यायची. ते कसं चालतं हे लहान पोरालाही बघून कळतं. मागं एका मुक्कामावर रात्रभर पाऊस लागला, तंबूत पाणी शिरलं, जनरेटर गप्प झाला. मिक्सर फडक्यात गुंडाळून ठेवला आणि शेंगदाण्याची चटणी पाट्यावर वाटली. पंगत वेळेवर उठली. त्या दिवशी काही जणांनी चटणी तीनदा मागून घेतली, आणि त्यालाही कारण आहे. मिक्सरचं पातं कापतं, वरवंटा चेपतो. चेपलं की शेंगदाण्याचं, लसणीचं तेल सुटतं, चव एकजीव होते. जात्याचंही तसंच. मोठा घास टाकला की भरड, लहान घास टाकला की बारीक. हळू फिरतं म्हणून पीठ तापत नाही. कुठलं बटण दाबायचं, हा प्रश्नच नाही. सगळं हाताला कळतं.

लग्नघरी बघा. हळद दळायची वेळ आली की ज्या घरांनी जाती मोडीत काढली, ती शेजाऱ्याच्या दारी जातं मागायला येतात. पुढं कुणाकडेच नसलं तर कुणाच्या दारी जाणार?

आता जरा आतलं बोलतो. भजन उभं राहायच्या आधी मृदंगी कोठीत येतो आणि लिंबाएवढी कणीक मागून नेतो. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावल्याशिवाय तो घुमत नाही. म्हणजे आमच्या परातीतलं पीठ टाळ-मृदंगापर्यंत जातं. पण त्याच्याही आधी पीठ पडता पडता बायकांच्या तोंडून ओवी पडत होती. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथलेच झालेले गी पॉइटवाँ या दोघांनी गावोगाव फिरून, सोबतीला माणसं घेऊन, जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून जास्त भरल्या. त्यांत विठ्ठल आहे, पंढरीची वाट आहे, भाऊ आहे, सासरचा जाचही आहे. यातलं कितीतरी कुठल्या पोथीत नव्हतं. खुंट्याभोवती होतं. दळण थांबलं, तसं ते तोंडातून जायला लागलं. आपल्याच दिंडीत अशा ओव्या पाठ असलेल्या माउल्या आता बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्यात. काचेच्या कपाटासमोर कुणाला ओवी सुचत नाही. हात फिरला तर सुचते.

आषाढी पौर्णिमेला काल्यासाठी आपण गोपाळपूरला जातो. तिथं जनाबाईचं जातं दाखवतात. आपण त्याच्यापुढं हात जोडतो. जनाई नामदेवांच्या घरी दळण दळत होती आणि पांडुरंग येऊन तिला दळू लागला, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. देवानं जात्याला हार घातला, असं कथेत नाही. तो खाली बसला आणि त्यानं खुंट्याला हात घातला. आपल्याकडे मात्र दळायचं बायांनी आणि गौरव करायचा पुरुषांनी, अशी वहिवाट पडून गेली आहे. म्हणून पितळी पाटीचं ऐकलं तेव्हा आम्हाला वाटलं, पाटी राहू द्या, आधी बसायला पोतं अंथरा.

तेव्हा मागणी अशी. जातं, पाटा, खलबत्ता ट्रकातच राहू द्या. वजनाची अडचण असेल तर आमची दोन मोठी पातेली आम्ही कमी करतो. त्याऐवजी दोनदा आमटी शिजवू. अख्ख्या पंगतीचं दळण आम्ही मागत नाही. एकादशी सोडून रोज नैवेद्याच्या पिठल्यापुरती सव्वा किलो हरभऱ्याची डाळ जात्यावर दळायची, दोघा-दोघांनी बसून. एक दिवस बायांची पाळी, एक दिवस पुरुषांची. एकादशीला शेंगदाण्याचं कूट खलबत्त्यात, तेही पाळीनंच. ज्या म्हाताऱ्या माउल्यांना ओव्या येतात, त्यांनी नुसतं शेजारी बसायचं आणि सांगायचं. शाळा-कॉलेजातल्या पोरांनी त्या वहीत उतरवून घ्यायच्या, सांगणारीच्या नावागावासह.

पाळ्यांचा कागद आम्ही तयार करूनच आणलाय. पहिल्या दिवशी विणेकरी बुवांचं नाव आहे. बुवा, वीणा खाली ठेवायची नसते हे आम्हाला ठाऊक आहे. तेवढा वेळ ती दुसऱ्याच्या गळ्यात द्या.

रामकृष्णहरी!