भोपाळचे विद्यापीठ आणि भोपाळचे लोक



विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुणे, मुंबई, कोल्हापूर किंवा शेजारचे धारवाड उभे राहते. आम्ही आज बोलणार आहोत ते भोपाळविषयी. 1 नोव्हेंबर 1956 हा दिवस या सीमाभागात कोणास समजावून सांगावयास नको. त्याच दिवशी भोपाळ हे नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. राजधानीबरोबर सचिवालय आले, विधानसभा आली, मंत्र्यांचे बंगले आले. विद्यापीठ मात्र 1970 साली आले!

यातील विपरीत गोष्ट अशी की, विद्येचे मोल न जाणणारे हे संस्थान नव्हते. अलीगढचे मुस्लिम विद्यापीठ 1920 साली स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या कुलपती झाल्या त्या भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम. एका स्त्रीने त्या काळी हे पद भूषविले, याचा भोपाळकरांना अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे. परंतु बेगमसाहेबांच्या स्वतःच्या नगरीला विद्यापीठ मिळण्यास आणखी 50 वर्षे जावी लागली. दरबारी विद्याप्रेम आणि लोकांच्या मुलांची पदवी यांच्यामध्ये एवढे अंतर असू शकते.

1988 साली भोपाळ विद्यापीठाला मौलाना बरकतुल्ला यांचे नाव दिले गेले. नामांतराचा उत्साह आम्हांस एरव्ही फारसा नाही; नावाची पाटी बदलणे हे काम करण्यापेक्षा नेहमीच स्वस्त असते. पण हे नाव सार्थ आहे. भोपाळात जन्मलेला हा पुरुष तोकियोत हिंदुस्थानी शिकवीत होता. 1915 साली काबूल येथे राजा महेंद्रप्रताप यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानचे जे हंगामी सरकार स्थापन झाले, त्याचा तो पंतप्रधान झाला. आणि 1927 साली मायभूमीपासून हजारो कोस दूर, सॅन फ्रान्सिस्को येथे त्याने देह ठेवला. जिवंतपणी जो परतला नाही, तो आता दरवर्षी हजारो मुलांच्या पदवीपत्रावर घरोघर जातो.

आता विद्यापीठाचे जीवन म्हणजे काय, हे पाहू. परीक्षा आणि निकाल म्हणजे जीवन नव्हे. तो कारभार झाला. विदिशा, सीहोर, रायसेन, राजगड येथील लहान महाविद्यालयांतून मुले युवा महोत्सवाच्या फेऱ्या चढत भोपाळला येतात. कोणी एकांकिका घेऊन, कोणी रांगोळी, कोणी वक्तृत्व. ज्या मुलीने तोपर्यंत तालुक्याबाहेर पाऊल टाकलेले नसते, ती प्रथमच परक्या गावच्या मुलींबरोबर एका छताखाली राहते. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली 37 विद्यापीठांत सुरू झाली. तिच्या शिबिरांत शहरातील मुले आठवडाभर खेड्यात राहतात, रस्ता करतात, झाडे लावतात. रस्ता बरेचदा पुढच्या पावसाळ्यात वाहून जातो, हे आम्ही जाणतो. तरी ज्याने एकदा घमेले उचलले त्याचे खेड्याकडे पाहणे बदलते.

पण भोपाळच्या विद्येची खरी परीक्षा झाली ती 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि माणसे डोळे चोळीत, खोकत, पडत हमीदिया रुग्णालयाकडे धावली. त्या रुग्णालयाशी जोडलेले गांधी वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा भोपाळ विद्यापीठाशी संलग्न होते. वसतिगृहातील विद्यार्थी उठून वॉर्डांत गेले. कोणता वायू, त्यावर उतारा कोणता, हे त्यांस कोणी सांगितलेले नव्हते. न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख डॉ. हीरेश चंद्र यांनी शवांची तपासणी करून सायनाइडच्या विषबाधेची शंका मांडली आणि सोडियम थायोसल्फेटचा आग्रह धरला. त्यावर मोठा वाद माजला. परंतु मृतांच्या वतीने एका अध्यापकाने सत्य शोधू पाहिले, हे भोपाळ विसरणार नाही.

त्याच 1984 साली भोपाळात माधवराव सप्रे यांच्या नावाने वृत्तपत्रांचे संग्रहालय उभे राहिले. दमोह जिल्ह्यात जन्मलेल्या ज्या मराठी माणसाने ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले, त्याच्या नावाखाली जुने अंक जपले जातात आणि संशोधक ते चाळतात. आमच्यासारख्या शाईत हात बुडविलेल्या माणसाला हा विषय सोडवत नाही, असो.

आजचे भोपाळ विद्यापीठांनी भरलेले आहे. पत्रकारितेचे वेगळे, कायद्याचे वेगळे, मुक्त शिक्षणाचे वेगळे. 1998 साली तंत्रशिक्षणाचे राजीव गांधी विद्यापीठ झाले. वैद्यकीय महाविद्यालयही पुढे जबलपूरच्या वैद्यकीय विद्यापीठाकडे गेले. कारभाराच्या दृष्टीने हे सोयीचे असेल. परंतु भावी डॉक्टर, भावी अभियंता आणि इतिहास शिकणारा खेड्यातला मुलगा हे आता एकाच विद्यापीठाचे राहिले नाहीत. ज्याला पुढे कारखाना चालवावयाचा आहे आणि ज्याला त्या कारखान्याच्या कुंपणालगत राहणाऱ्यांची नाडी पाहावयाची आहे, त्या दोघांची तरुणपणी ओळखही होऊ नये, हे भोपाळसारख्या शहराला परवडणारे नाही.

प्रदेशाने विभागणी होते, ती गोष्ट निराळी. बैतूल जिल्ह्यातील मुलताई, म्हणजे तापीचे उगमस्थान, आणि भैंसदेही या भागांत मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांची महाविद्यालये दीर्घकाळ भोपाळच्या विद्यापीठाखाली होती. 2019 साली छिंदवाड्याला विद्यापीठ झाले आणि ती तिकडे गेली. मुलताईच्या मुलीला छिंदवाडा पुष्कळ जवळ. विद्यापीठ तिच्या दिशेने सरकले, याचा आम्हांस आनंदच आहे.

म्हणून आमची भोपाळकरांना विनंती एवढीच की, त्यांच्या साऱ्या विद्यापीठांनी वर्षातून एक युवा महोत्सव तरी एकत्र भरवावा. आणि तो दक्षिणेकडील प्रशस्त आवारात न भरविता शहराच्या उत्तर अंगाला, जयप्रकाश नगर आणि छोला या वस्त्यांच्या शेजारी भरवावा. तेथील म्हाताऱ्या माणसांना त्या रात्री वॉर्डात धावत आलेली मुले अजून आठवत असतील.