बाळाचे कपाट

आपल्याकडे बाळाची दुपटी बदलायची ती जमिनीवर बसून. पण सिझेरियन झालेल्या बाळंतिणीला दिवसातून दहादा खाली बसणे-उठणे किती जड जाते, हे मी सुनेच्या बाळंतपणात पाहिले आणि जुन्या दाराच्या सागवानी फळ्यांचे तीन खणांचे कपाट करायला घेतले. रंगवलेली फळी मात्र टाळली. जुन्या रंगात शिसे असू शकते.

उंची सुनेच्या कोपरापेक्षा थोडी खाली ठेवली. वाकायला नको. वर चार इंच काठाचे लाकडी तबक. ते नुसते ठेवले तर सरकेल, म्हणून मागून स्क्रूंनी आवळले. आत सोलापुरी टॉवेलची घडी.

चूक एकच झाली. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 अंशांवर जातो, लाकूड आकसते. तेव्हा खण घट्ट बसवले; श्रावणात फळ्या फुगून ते अडकले. पुन्हा रंधा मारावा लागला. तेव्हा फट सोडा.

कपाट लोखंडी पट्टीने भिंतीला जखडले. रांगते मूल खण धरूनच उभे राहते. आणि काठावर विसंबू नका. बाळ कुशीवर कधी वळेल, ते सांगून वळत नाही. एक हात बाळावरच हवा. म्हणून लंगोट वरच्या खणात, दुसऱ्या हाताशी.

आता नातू शाळेत जातो. स्क्रू काढले, तबक माळ्यावर गेले. खणांत त्याची पुस्तके आहेत. तबक मात्र मी कुणाला दिलेले नाही. धाकट्या मुलाचे लग्न व्हायचे आहे!